चकचकीत की सपाट? – प्रोसेसर कूलरच्या लॅपिंगबद्दल थोडंसं



प्रोसेसरवर बसवायचा कूलर विकत आणायचा, खोक्यातून काढायचा आणि मशीनमध्ये लावायच्या आधी त्याचा तळ पॉलिश पेपरवर तासन् तास घासत बसायचं, असा एक छंद जगात आहे. त्याला लॅपिंग म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटतो. घरच्यांना तर वाटतोच. पण त्यामागे फिजिक्स आहे, थोडा इतिहास आहे आणि बऱ्यापैकी गैरसमजही आहेत. मागच्या हिवाळ्यात आमच्या मिशिगनच्या घरात, बेसमेंटमध्ये, हा उद्योग झाला. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस चालवली आहे त्यांना बरंच ओळखीचं वाटेल. ज्यांनी तो फिटिंगचा जॉब वर्कशॉपच्या मामांकडून करून घेतला होता, त्यांनीही वाचायला हरकत नाही. आता जर्नल कुणी तपासणार नाही.

उष्णता अडते कुठे?

आधी मूळ प्रश्न. प्रोसेसरची खरी चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर सहसा तांब्याचं, वरून निकेलचा मुलामा दिलेलं झाकण असतं, त्याला हीट स्प्रेडर म्हणतात. झाकणावर पेस्टचा थर, पेस्टवर कूलरचा तळ, तळातून हीटपाइप, पाइपांवर पातळ पत्र्याच्या पंखांची चळत आणि शेवटी पंख्याची हवा. उष्णतेला हा सगळा प्रवास करावा लागतो.

यातला प्रत्येक टप्पा उष्णता किती सहज पुढे जाऊ देतो ते पाहा. शुद्ध तांब्याची उष्णतावहन क्षमता मीटर-केल्विनला सुमारे ४०० वॅट. ॲल्युमिनियमची सुमारे २३७. निकेल ९० च्या आसपास. पेस्टच्या डबीवर काहीही लिहिलेलं असो, हिशोबाला ४ धरावी. आणि हवा? सुमारे ०.०२६. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा दीडशे पटीने बरी आणि तांब्यापेक्षा शंभर पटीने वाईट.

पेस्ट ही उष्णतेची वाहक म्हणून कुणाला आवडत नाही. दोन धातूंच्या मधल्या फटीत हवा राहू नये म्हणून ती नाइलाजाने लावायची. जिथे धातूला धातू भिडतो तिथे पेस्टची गरज नाही आणि जिथे भिडत नाही तिथे पेस्टशिवाय गत नाही. लॅपिंगचा सगळा उद्देश या एका वाक्यात येतो: फट कमी करायची, म्हणजे पेस्टचा थर पातळ होईल.

थोडा इतिहास

हा छंद बहरला २००० नंतरच्या दशकात. एएमडीच्या २००१ च्या ॲथलॉन एक्सपीवर झाकण नसायचं, सिलिकॉन उघडंच. कूलर तिरका दाबला गेला की चिपचा कोपरा उडायचा आणि प्रोसेसर कचऱ्यात. इंटेलच्या पेंटियम ४ वर २००० पासूनच झाकण होतं आणि एएमडीने २००३ च्या ॲथलॉन ६४ वर ते आणलं. झाकण आल्यावर चिप सुरक्षित झाली, पण सपाट असायला हवा असा आणखी एक पृष्ठभाग वाढला.

मग २००७ मध्ये इंटेलचा क्यू ६६०० आला. चार कोअर, २.४ गिगाहर्ट्झ, सुरुवातीला १०५ वॅट. ज्यांच्या हातात तो पडला त्यांनी त्याला तीन गिगाहर्ट्झच्या पुढे पळवला, आणि तो पळवताना आडवी यायची ती उष्णता. झाकणावर सरळ धार ठेवून उजेडाकडे धरलं की मधून प्रकाश दिसायचा. तेव्हापासून लोक कूलरबरोबर प्रोसेसरचं झाकणही घासू लागले. निकेल जाऊन खालचं लालसर तांबं दिसणं हा अभिमानाचा विषय झाला. त्या वेळी मी शाळेत होतो. असले फोटो डायल-अपवर उघडायचे म्हणजे आधी चहा पिऊन यायचा.

पुढे अडचणीची जागा बदलत गेली. २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज पिढीत इंटेलने चिप आणि झाकण यांच्या मधलं सोल्डर काढून तिथे पेस्ट वापरली, त्यामुळे उत्साही लोक घासणं सोडून झाकण उघडण्याच्या मागे लागले. २०१८ मध्ये नवव्या पिढीत सोल्डर परत आलं. २०२१ च्या शेवटी आलेल्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये प्रोसेसर लांबट झाला आणि पकड मात्र लांब बाजूंच्या मध्यावरच दाब देणारी. त्यामुळे प्रोसेसर बसवल्यावर किंचित वाकतो हे लोकांनी मोजून दाखवलं, आणि मूळ पकड काढून चारही बाजूंनी सारखा दाब देणाऱ्या चौकटी २०२२ पासून बाजारात आल्या. २०२४ च्या एलजीए १८५१ सॉकेटसाठी इंटेलने स्वतःच कमी दाबाच्या पकडीचा पर्याय ठेवला. म्हणजे पृष्ठभाग सपाट असण्याचा प्रश्न वीस वर्षांनंतरही जिवंत आहे.

आमची केस

आमच्या घरातलं मशीन माझ्यापेक्षा बायकोच्या कामाचं. ती गाड्यांच्या सुट्या भागांचं स्ट्रेस ॲनालिसिस करते. संध्याकाळी मॉडेल लावायचं, रात्रभर सगळे कोअर पूर्ण ताकदीने चालायचे आणि सकाळी आठच्या मीटिंगला निकाल हातात हवा. उन्हाळ्यात व्हायचं काय, की तापमान शंभर अंशाला टेकायचं, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा आणि सकाळी सातला उठून बघावं तर काम ऐंशी टक्क्यांवर. एकदा-दोनदा ठीक आहे. पण हे काम तिचं स्वतःचं, कॉन्ट्रॅक्टवर घेतलेलं. उशीर झाला की पुढचं काम दुसऱ्याकडे जातं. त्यामुळे हा प्रश्न हौसेपुरता नव्हता.

पंखे साफ केले, पेस्ट बदलली. फरक जेमतेम. पेस्ट बदलताना एक गोष्ट दिसली: कूलर काढल्यावर तळाच्या कडांना पेस्ट अगदी पारदर्शक, पातळ, आणि मधोमध जाड पांढरा गोळा. म्हणजे कडा टेकत होत्या आणि मध्य टेकत नव्हता. आणि चिप बसते झाकणाच्या मधोमध. जिथे उष्णता सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच फट.

मी पॉलिश पेपर मागवले. गाड्यांच्या रंगकामाला वापरतात तो काळा, पाण्यात भिजवून वापरायचा पेपर. ४०० पासून २००० पर्यंत. तो पुडा टेबलावर पडलेला सासरेबुवांनी पाहिला.

बाबा ऑक्टोबरमध्ये आले होते, मार्चपर्यंत राहणार होते. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे हिवाळ्यात इथे येतात त्यांना सांगायला नको. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी चालवता येत नाही, शेजारी हात हलवतो पण थांबत नाही. पेपर वाचून झाला, मालिका संपली की दिवस खायला उठतो. बाबांची उभी हयात पिंपरी-चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. डाय फिटिंग, ब्ल्यू मॅचिंग. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षं शतांश मिलिमीटरमध्ये काम केलं, तो आमच्याकडे डिशवॉशर रिकामा करत होता.

"जावईबापू, हे कशाला आणलंय?"

"बाबा, हा कूलरचा तळ सपाट करायचा आहे."

त्यांनी कूलर हातात घेतला, उजेडाकडे धरला, अंगठा तळावरून फिरवला. "किती सपाट?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती मायक्रॉन? सपाट असं काही नसतं. किती पाहिजे ते ठरवायचं आणि तेवढं करायचं. नाहीतर माणूस आयुष्यभर घासत बसेल."

मंडळी, या विषयावर मी जेवढं वाचलं होतं त्यात हा प्रश्न कुणी क्वचितच विचारलेला. सगळे विचारतात, शेवटी कितीचा पेपर वापरला? आरशासारखं झालं का? किती सपाट हवं हा हिशोब मी त्या रात्री मांडला.

किती सपाट?

प्रोसेसर १२५ वॅट उष्णता टाकतो असं धरू. झाकण बरंच मोठं असलं तरी उष्णता चिपच्या आसपासच्या भागातूनच मुख्यतः वर येते, म्हणून क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर धरू. पेस्टची क्षमता ४. आता पेस्टच्या थराची जाडी भागिले क्षमता भागिले क्षेत्रफळ, गुणिले वॅट. बारावीचं गणित आहे.

थर १०० मायक्रॉन असेल, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाएवढा, तर त्या एका थरात जवळपास ८ अंश जातात. थर ३० मायक्रॉनवर आणला तर २.३ अंश. म्हणजे साडेपाच अंशांची बचत. पेस्टऐवजी १०० मायक्रॉनची हवा असती तर गणिताने हजारावर अंश येतात. अर्थात त्याच्या कितीतरी आधी प्रोसेसर स्वतःला बंद करतो.

आता याच हिशोबाचा दुसरा भाग पाहा, तो जास्त महत्त्वाचा. ४०० च्या पेपरने आलेले ओरखडे आणि २००० च्या पेपरने आलेले ओरखडे यांच्या खोलीत एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा फरक असतो. एक मायक्रॉन पेस्ट म्हणजे ०.०८ अंश. प्रोसेसरमधला सेन्सर एका अंशाच्या पायरीने वाचतो. म्हणजे ४०० नंतर १०००, १५००, २००० असं करत आरसा करण्यात जे तास जातात, ते डोळ्यांच्या समाधानासाठी. तापमानाला त्याची खबरही लागत नाही.

बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले आणि म्हणाले, "मग वीस-तीस मायक्रॉनमध्ये आणू. आणि पितांबरीने तांब्या चकचकीत होतो, सपाट होत नाही, एवढं लक्षात ठेवा."

या एका वाक्यात सगळं आलं. चकाकी आणि सपाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जत्रेतल्या आरशातही आपला चेहरा स्वच्छ दिसतो, फक्त लांबट दिसतो. कूलरच्या तळात चेहरा दिसतोय म्हणून आनंदून जाण्यात अर्थ नाही. त्यात छापील ओळीचं प्रतिबिंब पाहावं. अक्षरं कडेला वाकत असतील तर तळ वाकडा आहे.

तीन प्लेटांची गोष्ट

सपाट पृष्ठभाग मुळात बनतो कसा? कशाशी तुलना करून? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतील, पण त्यातली एक किंचित खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असू शकते. दोघी एकमेकींना साक्षी आणि दोघीही खोट्या. त्यावर तोडगा असा की तीन प्लेट घ्यायच्या आणि आलटून पालटून जोड्या लावायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिन्ही जोड्या जुळायच्या असतील तर तिन्ही सपाट असण्याखेरीज मार्ग नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे याच विषयावर निबंध वाचला होता. गंमत म्हणजे त्याचा आग्रह असा होता की शेवटचा हात स्क्रेपरने मारावा, उंच जागा शोधून तेवढ्याच खरवडाव्यात. अपघर्षक पूड टाकून घासू नये, कारण पूड कुठे किती खाते त्यावर आपला ताबा राहत नाही. बाबांच्या टूलरूममधलं ब्ल्यू मॅचिंग म्हणजे तेच: निळा रंग लावून जोडी टेकवायची, जिथे रंग उठला ती उंच जागा, तेवढी खरवडायची, पुन्हा टेकवायचं.

कूलर आणि प्रोसेसर हीसुद्धा एक जोडीच आहे. एकाला सपाट करून उपयोग नाही, दुसरा कसा आहे ते माहीत पाहिजे. म्हणूनच काही कंपन्या कूलरचा तळ मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, की दाब मध्यावर यावा आणि खोलगट झाकणाशी तो नीट टेकावा. नॉक्टुआने २०२४ मध्ये आणलेला एनएच-डी १५ जी २ हा कूलर तर तळाच्या फुगवट्याप्रमाणे तीन प्रकारांत मिळतो: नेहमीचा, जास्त फुगीर आणि जवळपास सपाट. यातला जास्त फुगीर घेऊन कुणी तो घासून सपाट केला, तर ज्या गोष्टीचे पैसे मोजले तीच त्याने पाण्यात वाहून घालवली.

आम्ही आधी मोजलं. बाबांनी इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून फीलर गेज आणि एक चांगली स्टीलची पट्टी आणायला लावली. पट्टी तळावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उभी धरली, मागून टॉर्च. मधोमध ०.१० ची पाती सहज सरकली, ०.१५ ची अडली. दुसऱ्या कर्णावर तसंच. म्हणजे खोलगटपणा कागदाएवढा. मग तीच पट्टी प्रोसेसरच्या झाकणावर, प्रोसेसर सॉकेटमध्ये पकडलेला असतानाच. हे महत्त्वाचं, कारण मोकळा प्रोसेसर सपाट असला तरी पकडीत वाकू शकतो. तिथे सगळ्यात पातळ पातीही शिरली नाही.

"प्रोसेसरला हात लावायचा नाही," बाबांनी निकाल दिला. "तो चांगला आहे. चांगल्या जॉबला कानस लावू नये."

घासण्याची रीत

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो.

१. सपाट आधार. जाड काच सगळ्यात सोयीची. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. त्यामुळे साधी काचही चांगली सपाट असते. मात्र पातळ काच दाबाखाली वाकते. आम्ही १० मिलिमीटर जाडीची शेल्फची काच घेतली आणि ती ओल्या टॉवेलवर न ठेवता सरळ टणक ओट्यावर ठेवली. खाली मऊ काही असलं की काच वाकणार आणि तळाच्या कडा जास्त खाल्ल्या जाणार.

२. पेपर काचेवर ताणून चारही कडांनी टेप लावायची. पेपरखाली पाण्याचे दोन थेंब टाकले की तो काचेला चिकटून बसतो. फुगा राहता कामा नये.

३. पंखा काढून ठेवायचा. पंखांची चळत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधायची. तांब्याचा चुरा वीजवाहक असतो. तो पंखांत अडकून नंतर मदरबोर्डवर पडला तर काय होईल ते सांगायला नको. घासताना कायम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. कोरडं घासू नये, निकेलची धूळ नाकात जाऊ देऊ नये, हातमोजे घालावेत.

४. तळावर काळ्या मार्करने बारीक चौकडी काढायची. हा आपला गरिबाचा ब्ल्यू. चार हात फिरवले की उंच जागांवरची शाई जाते, खोलगट जागांवरची राहते. आमच्या तळावर आधी चारही कोपरे पुसले गेले, मध्यभागी रुपयाएवढा काळा डाग राहिला. तो डाग हळूहळू लहान होत जातो, तो पाहणं हेच खरं काम.

५. हात. इथे बाबांनी माझ्या हातून कूलर घेतला तो शेवटपर्यंत दिला नाही. उंच टॉवर कूलर वरून धरला तर झुलतो आणि झुलला की कडा गोल होतात. अगदी खाली, तळाच्या लगत दोन्ही हातांच्या बोटांनी धरायचा. दाब द्यायचा नाही, कूलरचं स्वतःचं वजन पुरतं. आठाच्या आकड्यात वीस फेरे, मग कूलर पाव वळसा फिरवायचा, पुन्हा वीस. असं चार बाजूंनी. मग धुवायचं, पुसायचं, पट्टी लावायची. पेपर गुळगुळीत झाला की लगेच बदलायचा. बोथट पेपरवर माणूस नकळत दाब देतो.

६. सुरुवात ४०० ने. त्यातले कण साधारण ३५ मायक्रॉनचे असतात, आणि शंभर मायक्रॉन उतरवायचे असतील तर याहून बारीक पेपरने सुरू करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. सपाटपणा सगळा याच पेपरवर येतो. पुढे ८०० चा एक हात फिरवला की पुरे.

७. शेवटी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. धातूच्या पॉलिशच्या नळ्या वापरू नयेत. त्यांतलं मेण आणि पूड ओरखड्यांत बसून राहते.

दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी बाबा जेवायलाही वर येईनात. बायको दोनदा जिन्यात येऊन डोकावली आणि काही न बोलता परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ते खाली जाऊन पेपर बदलून बसले होते. निकेल जाऊन पूर्ण तांबं दिसू लागलं. मार्करची चौकडी एकाच वेळी सगळीकडून पुसली जायला लागली. फीलर गेजची ०.०३ ची पाती कुठेच शिरेना तेव्हा त्यांनी कूलर पुसून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या. इन्स्पेक्शन करा."

आकडे

मोजणी नीट केली नाही तर सगळं मुसळ केरात. एकदाच पेस्ट लावून एक आकडा घेणं काहीच सांगत नाही, कारण नुसता कूलर काढून पुन्हा बसवला तरी दोन अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय इथे हिवाळ्यात हीटिंग चालू-बंद होत असतं, खोलीच तीन अंश हलते. म्हणून आम्ही प्रोसेसरला १२५ वॅटची मर्यादा घातली, पंख्याचा वेग कायम ठेवला, थर्मामीटर केसच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी ठेवला, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास तोच लोड चालवला. घासण्यापूर्वी तीनदा कूलर काढून बसवला, घासल्यावर पुन्हा तीनदा. पेस्ट तीच.

खोली २१ अंशांवर असताना, घासण्यापूर्वी सरासरी ८६. घासल्यानंतर ८०. मग हौस म्हणून मी १५०० आणि २००० चे हात मारून तळ आरशासारखा केला आणि पुन्हा तीनदा मोजलं. ८०.

कागदावरचा हिशोब साडेपाच सांगत होता, मोजमाप सहा सांगतं. माझ्या गृहीतकांचा ढोबळपणा पाहता इतका मेळ बसण्यात नशिबाचाही वाटा आहे. एका मशीनचे, एका कूलरचे हे आकडे आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. सपाटपणाने सहा अंश दिले, चकाकीने शून्य.

मग हे कुणी करावं?

खरं सांगायचं तर बहुतेकांनी करू नये. आधी तपासावं. पेस्टचा ठसा पाहावा, पट्टी लावून पाहावी. ठसा सगळीकडे सारखा पातळ असेल तर घासून काहीही मिळणार नाही, उलट कडा गोल होतील. ज्या कूलरमध्ये हीटपाइपच तळाला उघडे असतात ते तर अजिबात घासू नयेत. पाइपची भिंत पातळ असते, आत निर्वात पोकळी आणि थोडंसं पाणी. भिंत फुटली की निर्वात गेलं आणि तो पाइप निकामी. तळात व्हेपर चेंबर असलेल्या कूलरलाही तेच लागू.

प्रोसेसरचं झाकण घासायचं असेल तर दोनदा नव्हे, दहादा विचार करावा. त्यावरचा मॉडेल आणि बॅचचा मजकूर पुसला जातो. म्हणजे वॉरंटी गेली, आणि विकायला काढलात तर तो कोणता प्रोसेसर आहे हे डोळ्यांनी ओळखण्याची सोय गेली. तीस-चाळीस डॉलरच्या कूलरवर हात साफ करणं वेगळं आणि चारशे डॉलरच्या प्रोसेसरवर वेगळं. सॉकेटच्या पकडीमुळे वाकत असेल तर त्यावर चौकटीचा उपाय आहे, पेपरचा नाही.

आणि पैशांचाच हिशोब मांडायचा असेल तर तो असा: पेपर, फीलर गेज, पट्टी आणि काच मिळून जेवढे डॉलर झाले त्यात एक बरा नवा कूलर आला असता. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बायॉसमध्ये जाऊन वॅटची मर्यादा थोडी खाली आणणं. वेग थोडासाच कमी होतो आणि तापमान बरंच उतरतं. तो फुकट आहे. आम्ही आता दोन्ही करतो. जुलैतही मशीन शंभराला टेकलं नाही आणि सकाळी सातला काम शंभर टक्के झालेलं असतं.

पण एक सांगतो. आपण इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, तिथे चूक झाली तर अन-डू असतो. धातूतून काढलेला मायक्रॉन परत लावता येत नाही. म्हणून त्या धंद्यातली माणसं हात लावण्याआधी मोजतात आणि आधी विचारतात, किती? आपल्या कामातही परफॉर्मन्स ट्यूनिंगच्या नावाखाली कितीतरी तास चकाकी आणण्यात जातात. अडचण कुठे आहे ते न मोजता, आणि किती सुधारणा पुरे ते न ठरवता. ऑफिसात हल्ली असा विषय निघाला की मी पहिला प्रश्न तोच विचारतो. लोक जरा चमकून बघतात.

तुमच्याकडे यंदा कुणी वडीलधारे येणार असतील आणि त्यांचे हात एखाद्या कामात मुरलेले असतील, मग ते लाकूड असो, शिवण असो की लेथ, तर त्यांच्यासाठी काहीतरी खरं काम शोधून ठेवा. मन रमवण्यापुरतं खोटं नको, ते त्यांना लगेच कळतं. ज्यात चूक झाली तर नुकसान होईल असं काम द्या.

लॅपिंगचा कुणाला अनुभव असेल, विशेषतः झाकण घासण्याचा, तर आकड्यांसकट जरूर कळवा. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही. नुसते फोटो नकोत, आरसे पुष्कळ पाहून झाले.

चूकभूल द्यावी घ्यावी.